कर्करोगावरील रसायनचिकित्सा आणि रुग्णाचे कुपोषण

कर्करोगाच्या रुग्णाचे वजन उतरणे ही गोष्ट आपल्या समाजास इतकी परिचित झाली आहे की, तिच्यात कोणास काही विशेष वाटत नाही. रोग कठीण, औषधे त्याहून कठीण. तेव्हा माणूस खंगावयाचाच, अशी आप्तेष्टांची आणि पुष्कळदा खुद्द रुग्णाचीही समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. खंगणे हे या रोगात वारंवार आढळते, हे खरे. परंतु ते अटळ आहे आणि उपचारांशी त्याचा काही संबंध नाही, हे खरे नव्हे. रुग्णाचे पोषण हा उपचारांचाच एक भाग आहे, तो पहिल्या दिवसापासून मोजावयाचा व सांभाळावयाचा असतो, आणि त्याकडे दुर्लक्ष झाल्यास उत्तम औषधही पूर्ण मात्रेत देता येत नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. किमोथेरपी या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या उपचारास लेखात रसायनचिकित्सा ही संज्ञा वापरली आहे.

एका जीवनसत्त्वाची कथा

पोषणशास्त्र व रसायनचिकित्सा यांचा संबंध किती जुना आहे, हे पाहू लागल्यास आपणास मुंबईतील परळ भागापासूनच आरंभ करावा लागतो. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज वैद्यकसंशोधक भारतात आल्या. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी आढळणाऱ्या एका तीव्र पांडुरोगाचा अभ्यास त्यांनी हाफकिन संस्थेत राहून केला. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, परंतु आकाराने अवाजवी मोठ्या असत. हा विकार जंतूंमुळे नसून आहारातील एखाद्या घटकाच्या अभावामुळे होतो आणि यीस्टचा अर्क दिल्याने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. तो अज्ञात घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा करण्यात आला व त्यास फॉलिक आम्ल असे नाव मिळाले. पेशीचे विभाजन होताना जे नवे आनुवंशिक द्रव्य तयार व्हावे लागते, त्यास हे जीवनसत्त्व आवश्यक असते. ते न मिळाल्यास अस्थिमज्जेतील पेशी वाढतात, परंतु विभागू शकत नाहीत.

याच ज्ञानाचा उलट दिशेने उपयोग बॉस्टन येथील डॉ. सिडनी फार्बर यांनी केला. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्ये दिली असता रोग अधिकच बळावतो, असे त्यांना आढळले. तेव्हा या जीवनसत्त्वासारखे दिसणारे, परंतु त्याचे कार्य अडविणारे द्रव्य दिल्यास काय होईल, असा विचार त्यांनी केला. असे द्रव्य आंध्रात जन्मलेले संशोधक यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेत तयार झाले होते. त्याचे नाव ॲमिनोप्टेरिन. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी १० मुलांत रोग काही काळ मागे हटला होता. ॲमिनोप्टेरिनचे भावंड जे मेथोट्रेक्सेट, ते आजही नित्य वापरात आहे.

या इतिहासाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. मेथोट्रेक्सेटसारखे औषध म्हणजे हेतुपुरस्सर घडवून आणलेली एका पोषकद्रव्याची टंचाई होय. ही टंचाई वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींस भोवते. अर्बुदाच्या पेशी वेगाने विभागतात. परंतु अस्थिमज्जा, केसांची मुळे, तोंडाची व आतड्याची अंतस्त्वचा यांतील निरोगी पेशीही तितक्याच किंवा अधिक वेगाने विभागतात. इतर पुष्कळ औषधांची रासायनिक रीत निराळी असली, तरी परिणामाची जात हीच असते. म्हणजेच ज्या अवयवांनी रुग्णाने अन्न घ्यावयाचे व पचवावयाचे, त्याच अवयवांवर औषधाचा पहिला आघात होतो.

उपासमार आणि रोगजन्य क्षय

येथे दोन अवस्थांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. निरोगी माणसास अन्न कमी मिळाले, तर त्याचे शरीर काटकसरीस लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात त्यांची वजने सुमारे चतुर्थांशाने उतरली. पण त्याबरोबरच त्यांच्या शरीराचा विश्रांतिकालीन ऊर्जाव्ययही पुष्कळ घटला. शरीर आधी चरबी जाळते, स्नायूंची शक्य तितकी राखण करते, आणि पुरेसे अन्न मिळू लागताच हळूहळू पूर्वस्थितीस येते.

कर्करोगात ही काटकसर बिघडते. अर्बुद आणि त्याच्याशी झगडणाऱ्या शरीराच्या पेशी दाहकारक द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांपैकी एकास १९८०नंतरच्या दशकात 'कॅकेक्टिन', म्हणजे क्षय घडविणारे, असेच नाव देण्यात आले होते; ते आणि अर्बुदनाशक म्हणून आधीच माहीत असलेले दुसरे एक प्रथिन ही एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. या द्रव्यांमुळे भूक मंदावते, यकृत निराळीच प्रथिने बनवू लागते, आणि त्यांसाठी लागणारा कच्चा माल स्नायू मोडून पुरविला जातो. ऊर्जाव्यय घटावयाचा तो कित्येकदा वाढतो. परिणामी चरबीबरोबर स्नायूही झपाट्याने झिजतात. या अवस्थेस वैद्यकात 'कॅकेक्सिया' म्हणतात. आपण तिला रोगजन्य क्षय म्हणू.

रसायनचिकित्सेचा उदय होण्यापूर्वीही ही अवस्था होतीच. १९३२ साली शील्ड्स वॉरन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञांनी कर्करोगाने मृत झालेल्या ५०० रुग्णांच्या शवविच्छेदनांवरून मृत्यूची तात्कालिक कारणे मांडली. त्यांत सुमारे पाचांतील एका रुग्णाच्या बाबतीत खंगणे हेच मुख्य कारण दिसून आले. २०११ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने या क्षयाची व्याख्या निश्चित केली. सहा महिन्यांत वजनात ५ टक्क्यांहून अधिक घट झाली, अथवा रुग्ण मुळातच कृश असून किंवा त्याचे स्नायू क्षीण झालेले असून वजन २ टक्क्यांहून अधिक उतरले, तर क्षय सुरू झाला असे मानावे. याच्या पूर्वावस्था, प्रत्यक्ष क्षय आणि उपचारांस दाद न देणारी अखेरची अवस्था अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. पोषणाने जे साधावयाचे ते मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांवर साधते. म्हणूनच येथे वेळेस महत्त्व आहे.

रसायनचिकित्सा घेणाऱ्या रुग्णात बहुधा या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. एक भाग रोगजन्य क्षयाचा. दुसरा भाग साध्या उपासमारीचा, म्हणजे तोंड आले, मळमळ झाली, चव गेली, म्हणून न खाल्ल्याचा. पहिला भाग अन्नाने पूर्णपणे भरून निघत नाही. परंतु दुसरा पुष्कळ अंशी निघतो. दोन्हींची गल्लत करून 'खाऊन तरी काय उपयोग' असे म्हणणे ही या क्षेत्रातील सर्वांत महाग पडणारी चूक होय.

औषधांमुळे खाणे कसे अडते

आतड्याच्या अंतस्त्वचेतील पेशींचे आयुष्य अवघे तीन ते पाच दिवसांचे असते, आणि जिभेवरील रुचिपेशी सरासरी दहा दिवसांत बदलतात. औषधाने नव्या पेशींची निपज थांबविली की, जुन्या झडतात आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. त्यामुळे औषध दिल्यानंतर पाच ते दहा दिवसांच्या सुमारास तोंड येते, घसा सोलवटतो, व काही रुग्णांना जुलाब होतात. मेथोट्रेक्सेट व ५-फ्ल्यूरोयुरॅसिल ही औषधे या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. इरिनोटेकॅनने तीव्र अतिसार होऊ शकतो, तर व्हिन्क्रिस्टीनने आतड्यांचे चलन मंदावून बद्धकोष्ठ होते. सिसप्लॅटिनसारख्या औषधांनंतर तोंडास धातूची चव येते व नेहमीच्या अन्नाचा वासही नकोसा होतो.

मळमळ व वांती यांची यंत्रणा निराळी आहे. शरीरातील बहुतेक सर्व सेरोटोनिन आतड्याच्या भिंतीतील विशिष्ट पेशींत साठविलेले असते. सिसप्लॅटिनसारखे औषध पोहोचताच त्या पेशी ते सोडतात. जवळच्या मज्जातंतूंमार्फत मेंदूतील वांतिकेंद्रास संदेश जातो, आणि पहिल्याच दिवशी उलट्या सुरू होतात. १९९०च्या सुमारास आलेल्या ऑन्डॅनसेट्रॉनने हा मार्ग अडविला आणि रुग्णांचे हाल पुष्कळ कमी झाले. परंतु दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत येणारी मळमळ बहुतांशी दुसऱ्या मार्गाने येते व तीवर दुसरी औषधे लागतात. पुष्कळ रुग्ण रुग्णालयातून घरी गेल्यावर होणारी ही मळमळ मुकाट्याने सोसतात व पुढील भेटीत तिचा उल्लेखही करीत नाहीत. एकवीस दिवसांच्या आवर्तनात असे सहासात दिवस निराहार गेले, आणि अशी सहा आवर्तने झाली, तर होणारी हानी किती, याचा हिशेब वाचकांनी करून पाहावा.

भारतात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. तंबाखू व सुपारी यांच्या सेवनामुळे तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण आपल्याकडे फार मोठे आहे. अशा रुग्णाचे तोंड कित्येकदा रोगापूर्वीच पुरेसे उघडत नाही. तिखट तर सोडाच, साधी भाकरीही त्यास चावत नाही. म्हणजे पहिले औषध मिळण्यापूर्वीच तो कित्येक आठवडे अर्धपोटी असतो. मोठ्या रुग्णालयासाठी गावाहून शहरात आलेल्या कुटुंबास धर्मशाळेत किंवा भाड्याच्या खोलीत राहावे लागते. तेथे चूल नाही, मजुरी बुडालेली, आणि औषधांचा खर्च समोर. अशा वेळी काटकसर प्रथम अन्नावरच येते.

कुपोषणाची किंमत

१९८० साली अमेरिकेतील एका सहकारी संशोधनगटाने ३,०४७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. रसायनचिकित्सा सुरू होण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत किती वजन उतरले, हे तीत पाहिले होते. वजन उतरलेल्यांचे प्रमाण लसिकाग्रंथींच्या सौम्य जातीच्या कर्करोगात ३१ टक्के, तर जठराच्या कर्करोगात ८७ टक्क्यांपर्यंत होते. ज्यांचे वजन उतरले होते ते रुग्ण, तोच रोग व तेच औषध असूनही, तुलनेने कमी काळ जगले. ही घट उपचारांपूर्वीची होती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. रुग्णाच्या पोषणाचा विचार औषध सुरू झाल्यावर करू म्हटल्यास तो अगोदरच उशिरा झालेला असतो.

कारणपरंपरा अशी आहे. औषधाची मात्रा बहुधा शरीराच्या पृष्ठभागावरून, म्हणजे उंची व वजन यांवरून, ठरविली जाते. परंतु औषध शरीरात कसे पसरते व बाहेर पडते, ते स्नायूंच्या प्रमाणावरही अवलंबून असते. दोन माणसे समान वजनाची असली, तरी एकाचे स्नायू क्षीण व चरबी अधिक असेल, तर तीच मात्रा त्यास अधिक विषारी ठरू शकते. सी.टी. स्कॅनमधील कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळच्या चित्रावरून स्नायू मोजण्याची पद्धत कॅनडातील संशोधकांनी प्रचारात आणली. स्थूल दिसणाऱ्या रुग्णांतही स्नायूंचा क्षय दडलेला असू शकतो, हे त्यामुळे उघड झाले. कृश रुग्णात पांढऱ्या पेशी खाली जातात, जंतुसंसर्ग होतो, तोंड अधिक येते. मग पुढील आवर्तन पुढे ढकलावे लागते वा मात्रा कमी करावी लागते. जो उपचार वेळापत्रकानेच परिणामकारक व्हावयाचा, त्याचे वेळापत्रकच मोडते.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गंभीर आहे. मध्य अमेरिकेतील देशांत झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, कुपोषित मुलांत उपचार अर्ध्यावर सुटण्याचे प्रमाण अधिक होते. तथापि रक्ताचा कर्करोग झालेल्या ज्या मुलांचे पोषण पहिल्या सहा महिन्यांत सुधारले, त्यांची प्रगती मूळच्याच सुपोषित मुलांच्या बरोबरीने झाली. मूल कुपोषित अवस्थेत दाखल झाले म्हणून त्याचा निकाल लागला, असे मानण्याचे कारण नाही, हा या पाहणीतून मिळालेला मोठा दिलासा होय.

'गाठीला उपाशी मारावे' हा समज

आता एका व्यापक गैरसमजाकडे वळू. अन्न खाल्ले की गाठ पोसते, म्हणून साखर, दूध, तूप किंवा सर्वच अन्न तोडावे, असा सल्ला रुग्णास अनेक ठिकाणांहून मिळतो. या समजास शास्त्राचा पुसट आधार असल्यामुळेच तो चिवट झाला आहे. ओटो वॉरबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२०नंतरच्या दशकातच दाखविले होते की, अर्बुदाच्या पेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरतात. वर सांगितलेला फार्बर यांचा अनुभवही वरवर पाहता याच बाजूचा वाटेल.

परंतु रक्तातील ग्लुकोज केवळ आहारातील साखरेवर अवलंबून नसते. मेंदूस त्याचा अखंड पुरवठा हवा असतो. म्हणून आहारातून ते न मिळाल्यास यकृत ते तयार करते, आणि त्यासाठी स्नायूंतील प्रथिने मोडते. म्हणजे साखर तोडल्याने अर्बुदाचा पुरवठा बंद होत नाही. तो रुग्णाच्या स्नायूंतून सुरू राहतो. ज्यास मधुमेह आहे त्याने वैद्याच्या सल्ल्याने साखर आवरली पाहिजे, हे निराळे. वजन उतरत असलेल्या रुग्णाने उपवास करण्यास मात्र आधार नाही, आणि युरोपातील क्लिनिकल पोषणविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूत्रांतही ऊर्जा कमी करणाऱ्या आहारांची शिफारस केलेली नाही.

फार्बर यांच्या अनुभवाचा खरा बोध वेगळा आहे. विशिष्ट पोषकद्रव्य, विशिष्ट औषध आणि मात्रा यांचा संबंध सूक्ष्म असतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेतल्यास औषधाचे काम बिघडू शकते. उलट पेमेट्रेक्सेड हे त्याच कुळातील औषध देताना फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मुद्दाम द्यावे लागते. नाहीतर विषबाधेचा धोका वाढतो. तेच जीवनसत्त्व एका ठिकाणी वर्ज्य, दुसऱ्या ठिकाणी अनिवार्य. म्हणून जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा, काढे, चूर्णे इत्यादी काहीही उपचार करणाऱ्या डॉक्टरांस विचारल्यावाचून घेऊ नये. ताटातील अन्न मात्र घ्यावे.

मोजमाप

पोषणाची राखण करावयाची तर आधी ते मोजले पाहिजे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले, नेहमीच्या मानाने सध्या किती खाणे होते, आणि उंचीच्या मानाने वजन किती, या तीन प्रश्नांनी बहुतेक धोक्यातील रुग्ण ओळखता येतात. पूर्वीचे वजन ठाऊक नसल्यास पोलके, सदरा किंवा बांगड्या सैल झाल्या का, हे विचारावे. पोटात पाणी झालेल्या, पायांस सूज असलेल्या किंवा मोठी गाठ असलेल्या रुग्णात, विशेषतः मुलांत, वजनकाटा फसवतो. अशा वेळी दंडाचा घेर फितीने मोजणे अधिक विश्वसनीय असते. हाताच्या मुठीची पकड किती घट्ट आहे, यावरूनही स्नायूंचा अंदाज येतो. ही मोजमापे प्रत्येक आवर्तनाच्या वेळी टिपून ठेवावीत. रक्तदाब जसा न चुकता पाहिला जातो, तसे वजन पाहिले जावे.

किती व काय खावे

उपर्युक्त युरोपीय संस्थेच्या सूत्रांनुसार रुग्णास दररोज प्रत्येक किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी ऊर्जा आणि १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत, प्रथिने मिळावीत. ५० किलो वजनाच्या रुग्णास म्हणजे १,२५० ते १,५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिने.

हे आकडे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. समजा, असा एक रुग्ण पूर्वी दिवसाकाठी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, १०० ग्रॅम तांदळाचा भात, दोन वाट्या पातळ वरण, थोडी भाजी आणि दोनतीन वेळा चहा घेत असे. त्यातून त्यास सुमारे ३० ग्रॅम प्रथिने व १,००० कॅलरी मिळत. म्हणजे मूळचाच आहार अपुरा होता. रसायनचिकित्सेत खाणे निम्म्यावर आले की, १५ ग्रॅम प्रथिने व ५०० कॅलरी राहतात. आता यात दोन अंडी (१२ ग्रॅम प्रथिने), अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही (१६ ग्रॅम), ३० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट (७ ग्रॅम) आणि वरण घट्ट करण्यासाठी ३० ग्रॅम अधिक डाळ (७ ग्रॅम) घातली, तर बेरीज ५७ ग्रॅम होते. दिवसभरात तीन चमचे तूप घातल्यास ऊर्जाही सुमारे १,४०० कॅलरींपर्यंत पोहोचते. यात बाजारातील महाग भुकटीचा एकही डबा नाही. जे अंडी खात नाहीत त्यांनी पनीर, दुधाची पूड, डाळीचे पिठले, मुगाचे धिरडे यांनी ती जागा भरावी.

परंतु हे सर्व दोन जेवणांत बसावयाचे नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे, असे सहा वेळा द्यावे. ज्या दिवसांत मळमळ नसते, त्या दिवसांत भर घालून घ्यावी. सकाळी भूक बरी असल्यास मोठा आहार सकाळीच द्यावा. पाणी, चहा, पातळ सार यांनी पोट भरू देऊ नये. त्याऐवजी दुधातील नाचणीची खीर, घट्ट लापशी, ताकातील आंबील अशी पोषक पेये द्यावीत. फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर निवालेला दहीभात, मेतकूट-भात बरा. रुग्णाची खाट स्वयंपाकघरापासून दूर असावी. तोंडास धातूची चव येत असल्यास स्टीलऐवजी लाकडी वा प्लास्टिकचा चमचा वापरून पाहावा. तोंड आल्यास तिखट, आंबट, कडक पदार्थ बंद करून मऊ गुरगुट्या भात, मूगडाळीची तूप घातलेली खिचडी, दुधात भिजविलेली पोळी द्यावी, आणि मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात.

५-फ्ल्यूरोयुरॅसिल शिरेतून एकदम दिले जात असता त्या वेळी अर्धा तास बर्फाचे खडे चघळल्यास तोंड येण्याचे प्रमाण कमी होते. थंडीने तोंडातील रक्तपुरवठा आखडतो व औषध तेथे कमी पोहोचते. परंतु ऑक्सॅलिप्लॅटिन घेणाऱ्या रुग्णास हाच बर्फ त्रासदायक ठरतो. थंडीने त्याच्या घशात व हातापायांत विचित्र झिणझिण्या येतात. म्हणून आपणास कोणते औषध दिले जात आहे, हे कुटुंबाने विचारून घ्यावे.

पांढऱ्या पेशी कमी झालेल्या दिवसांत उकळलेले पाणी, ताजे शिजविलेले अन्न, धुऊन सोललेली फळे आणि पूर्ण उकडलेली अंडी द्यावीत. रस्त्यावरील चिरलेली फळे, उसाचा रस, कच्ची चटणी टाळावी. सर्वच फळे व कच्च्या भाज्या कायमच्या बंद करण्याने अधिक संरक्षण मिळते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

सल्ला, नळी आणि औषधे

केवळ सल्ल्याने काय साधते, असा प्रश्न विचारला जाईल. पोर्तुगालमधील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांचे तीन गट करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटास नेहमीच्या अन्नाबाबत वैयक्तिक आहारसल्ला, दुसऱ्यास प्रथिनयुक्त पेये, आणि तिसऱ्यास यांपैकी काहीच नाही. उपचार संपल्यानंतर तीन महिन्यांनीही लाभ टिकून राहिला तो सल्ल्याच्या गटात. हा अभ्यास किरणोपचारांचा असला, तरी आहारतज्ज्ञाने रुग्णाशी स्वतंत्रपणे बोलून, त्याच्या घरच्याच अन्नातून मार्ग काढणे ही दुय्यम बाब नव्हे, हे त्यावरून दिसते.

तोंडाने पुरेसे अन्न जात नसेल व आतडे काम करीत असेल, तर नाकातून जठरात नळी घालून अन्न द्यावे. नळी म्हणजे शेवट जवळ आला, अशी पुष्कळांची भीती असते. वस्तुतः घसा बरा होईपर्यंतचा तो तात्पुरता पूल असतो. शिरेतून पोषण देणे मात्र सरसकट हितकारक नाही. रसायनचिकित्सा घेणाऱ्या सर्वच रुग्णांस ते दिल्याने लाभ होत नाही व जंतुसंसर्ग वाढतो, असे अमेरिकन वैद्यकसंस्थेने १९८९ मध्येच नमूद केले. आतडे निकामी झालेल्यांसाठीच ते राखून ठेवावे. फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णास एकदम भरपूर अन्न देणेही धोक्याचे असते. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम अचानक खाली येऊन हृदयावर संकट येऊ शकते. म्हणून अशांचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवितात.

औषधांच्या बाबतीत अलीकडील एक भारतीय संशोधन उल्लेखनीय आहे. पुदुच्चेरी येथील जिपमेर संस्थेने २०२३ साली १२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जठर, यकृत-पित्ताशय-स्वादुपिंड व फुफ्फुस यांच्या कर्करोगासाठी रसायनचिकित्सा घेणाऱ्यांस ओलान्झापिन हे जुने व स्वस्त औषध २.५ मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत १२ आठवडे दिले असता, ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. दुसरी दिशा जी.डी.एफ.-१५ या प्रथिनाची. याचा ग्राहक मेंदूच्या मागील भागात असल्याचे २०१७ साली उघड झाले. त्यातूनच भूक मरते. प्राण्यांवरील प्रयोगांत सिसप्लॅटिननेही हे प्रथिन वाढते, असे दिसले आहे. त्यास निष्प्रभ करणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाच्या १८७ रुग्णांवरील चाचणीत, १२ आठवड्यांनंतर, सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाचे वजन नुसती सुई मिळालेल्यांपेक्षा सरासरी २.८ किलो अधिक भरले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. रोगजन्य क्षयाचा जो भाग अन्नाने भरून निघत नाही, त्यावर आता प्रथमच नेमका मारा करता येईल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली आहे.

मर्यादा आणि कर्तव्य

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. रोग अगदी अखेरच्या अवस्थेस पोहोचल्यावर पोषणाने आयुष्य वाढत नाही. त्या वेळी शरीर अन्न स्वीकारीतच नाही, आणि 'एवढा घास तरी खा' हा मायेचा आग्रह रुग्णास शिक्षा होतो. घरातील माणसे न खाण्याचा राग धरतात, रुग्ण अपराधी होतो, आणि अखेरचे दिवस ताटावरच्या भांडणात जातात. अशा वेळी रुग्णास आवडेल ते, आवडेल तेवढे द्यावे व तोंड ओले ठेवावे. ही अवस्था आली आहे की नाही, हे मात्र घरच्यांनी अंदाजाने ठरवू नये, डॉक्टरांस विचारावे. कारण उपचार घेत असलेल्या पुष्कळ रुग्णांची अवस्था तशी नसतानाही, ती आहे असे समजून त्यांचे खाणे सोडून दिले जाते.

तात्पर्य, प्रत्येक रुग्णालयाने पहिल्याच भेटीत वजन व आहार यांची नोंद करावी, धोक्यातील रुग्णास त्याच दिवशी आहारतज्ज्ञाकडे पाठवावे, आणि मळमळ, तोंड येणे, बद्धकोष्ठ यांविषयी रुग्ण आपण होऊन बोलेल याची वाट न पाहता विचारावे. कुटुंबाने वजनाची वही ठेवावी व एका आठवड्यात एक किलोहून अधिक घट दिसताच पुढील तारखेची वाट न पाहता कळवावे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या ताटात काय उणे आहे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी परळमध्ये विचारला गेला आणि त्यातून पुढे एका रोगावरील औषधही निघाले. १९४१ पासून त्याच परळमध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभे असून देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तेथे येतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत, औषधाचा कागद लिहिण्यापूर्वी, तोच प्रश्न पुन्हा विचारला जावयास हवा.